टेनरच्या रांगेत जागा आहे

आज आमच्या कॉयरची, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणाऱ्या गटाची, प्रॅक्टिस संपल्यावर परत तोच विषय निघाला, टेनर, म्हणजे पुरुषांमधले उंच आवाजाचे, कमी पडतायत. तसे ते बहुतेक हौशी कॉयरमध्ये कमीच असतात, सोप्रानोंची, म्हणजे बायकांमधल्या उंच आवाजांची, रांग भरलेली, आल्टो, म्हणजे बायकांमधले खालचे आवाज, तेही बऱ्यापैकी, आणि टेनरला मात्र दोन-तीन जण जीव तोडून गात असतात, त्यातल्या एखाद्याचा घसा बसला की मधला सूरच गायब. मग आल्टोमधली एखादी खाली उतरून त्यांची ओळ गाते, निभावतं तेवढ्यापुरतं, पण असं किती दिवस चालवायचं.

कोणी म्हणालं नवीन पोस्टर करूया, कोणी म्हणालं रील टाकूया. करूया ना, हवंच आहे ते, फक्त त्यावर फोटोपेक्षा आधी हे लिहूया की वार कुठला, वेळ किती, कागदावरचं सुरांचं नोटेशन वाचता यायला हवं का, ऑडिशन आहे का आणि पहिल्यांदा नुसतं येऊन बसलं तर चालेल का, कारण माणसं नेमकं हेच शोधत असतात आणि नेमकं हेच कुठे लिहिलेलं नसतं. पण मला मनापासून वाटतं की पोस्टर बघून येतात ते बहुतेक आधीपासून गाणारेच. ज्यांना खरं आणायचंय ती माणसं पोस्टर वाचतात, जरा रेंगाळतात आणि हे आपलं काम नाही म्हणून पुढे जातात. त्यांना कोणीतरी नाव घेऊन विचारावं लागतं. गुरुवारी चल माझ्याबरोबर, मी असेन तिथे, एवढंच. आज घरी निघताना सहज सगळ्यांना विचारलं की तुम्ही कसे आलात, तर जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत एक माणूस निघाला, कोणाची बहीण, कोणाची ऑफिसातली मैत्रीण, कोणाचे शेजारचे काका.

आणि विचारलं की समोरून ठरलेलं उत्तर, छे गं, मला कुठे गाता येतं. शाळेत कधीतरी कोणीतरी सांगितलेलं असतं की तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव. लहानपणी ऐकलेलं ते एक वाक्य माणसं आयुष्यभर बाळगतात, मला त्याचा फार राग येतो. जन्मतःच सुरांमधला फरक कळत नाही, ज्याला अम्युझिया म्हणतात, अशी माणसं अगदी थोडी असतात, पेरेट्झ आणि वुवान या संशोधकांनी २०१७ साली हजारो लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून जो अंदाज काढला तो साधारण १.५ टक्के. म्हणजे मला गाता येत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांचा कान ठीकच असतो, ऐकलेल्या सुरावर आवाज नेऊन बसवायची सवय तेवढी नसते, आणि सवय लागते. पुरुषांचं तर अजून वेगळं, आवाज फुटतो त्या वयात कित्येकांचं गाणं सुटतं ते सुटतंच, मग मोठेपणी कधीतरी बायकांच्या पट्टीत सूर मिळवायला जातात, मिळत नाही, आणि आपण बेसुरे असं ठरवून मोकळे होतात. आमच्या ताई अशा माणसाला पियानोजवळ बोलावतात आणि आधी नुसतं बोलायला लावतात, नाव सांगा, काय काम करता सांगा, आणि त्याच्या बोलण्याचा जो सूर आहे तोच पियानोवर वाजवून म्हणतात हा धरा. तिथून हळूहळू वर नेतात. बघण्यासारखा असतो तो चेहरा!

म्हणूनच माझं मत ऑडिशन नको असं आहे. आवाज कुठल्या भागात बसतो ते बघायला पाच-दहा मिनिटं द्यावीत, पण पास-नापास नको. जे कॉयर अवघड रचना घेतात, स्पर्धांना जातात, त्यांना निवड करावी लागते हे मान्य, पण आपल्यासारख्यांना ती भिंत कशाला हवीय. इंग्लंडमध्ये २००५ साली रॉक कॉयर नावाचा उपक्रम सुरू झाला तो मुळात ऑडिशन नाही, नोटेशन वाचायची अट नाही या बोलीवरच, आणि आज त्यात हजारो लोक गातात.

ओपन प्रॅक्टिस ठेवायची तर त्या दिवशी कार्यक्रमातलं अवघड काही काढायचंच नाही असं मी आज म्हटलं. हमिंग, ओठ फुरफुरवत वर-खाली जाणं, आणि मग एक राऊंड, म्हणजे एकच छोटी ओळ सगळ्यांनी शिकायची आणि तीन गटांनी एकामागोमाग सुरू करायची. ओळ एकच, शिकायला दहा मिनिटं पुरे, आणि तिसरा गट शिरला की नव्या माणसाला कळतं की आपल्या तोंडून निघणारा सूर दुसऱ्याच्या सुराला टेकून उभा आहे. हे कितीही समजावून सांगा, पोहोचत नाही, गाताना एकदम पोहोचतं. तसंच लांब सुराचं. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी श्वास घ्यायचा, आपला सोडायचा, हळूच परत शिरायचं, सूर काही तुटत नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की खांदे खाली येतात त्याचे, कारण एवढा लांब दम माझ्याकडे कुठून येणार ही भीतीच जाते.

आज एक नवीन बाई आल्या होत्या. दाराशीच पर्स छातीशी धरून उभ्या, मागच्या खुर्चीवर बसते म्हणाल्या. आमच्या आल्टोतल्या एका मावशींनी त्यांना सरळ आपल्या शेजारी घेतलं, कागद दोघींच्या मधे धरला आणि पूर्ण गाणंभर आपल्या ओळीवर बोट सरकवत राहिल्या, कुठे थांबायचं तिथे बोट थांबायचं. त्या बाईंनी पहिल्या वेळी तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या वेळी शेवटचे शब्द. नंतर चहाच्या वेळी मावशींनी त्यांचा नंबर घेतला आणि आल्टोची रेकॉर्डिंग तिथल्या तिथे पाठवली.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्या दिवशी येणारे पुष्कळ असतात, गळती होते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. जुने आपापल्या घोळक्यात बोलत राहतात, नवीन माणूस मोबाईल बघत उभा, आणि पुढच्या वेळी येत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे, गाण्याचे वर्ग, हस्तकलेचे वर्ग आणि लेखनाचे वर्ग सात महिने बघितले, शेवटी जवळीक सगळीकडे सारखीच झाली पण गाणाऱ्यांची पहिल्या महिन्यातच झाली होती. म्हणजे गाणं हे काम लवकर करतं, पण माणूस तो महिनाभर टिकायला तर हवा! म्हणून प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना माणूस, त्याच भागातला, नाव ठरवून द्यायचं, एवढं आज सगळ्यांनी मान्य केलं. मला खूप बरं वाटलं.

वेळेचंही ठरलं. कार्यक्रम तोंडावर आलेला असताना माणसं घ्यायची नाहीत, तेव्हा सगळी गाणी पाठ झालेली असतात आणि नवीन माणूस नुसता बुडतो. कार्यक्रमातच, मध्यंतराच्या आधी, स्टेजवरून सांगायचं, कारण ऐकणारे तेव्हा सगळ्यात जास्त तयार असतात, आणि पुढची प्रॅक्टिस नवीन गाण्याची, म्हणजे जुने-नवे सगळेच पहिल्या ओळीपासून.

आमची नवीन गाणी पुढच्या गुरुवारी सुरू होतायत. आमच्या ऑफिसात अकाउंट्समध्ये एक दादा आहेत, जिना चढताना कायम गुणगुणत असतात आणि आवाज चांगला उंच, मोकळा आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन विचारणार आहे, आणि मला गाता येत नाही म्हणाले तर आधी त्यांना फक्त नाव सांगायला लावेन.