छिनचं सैन्य आणि छिनचा कालवा

चीनमधल्या शिआनला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मातीचे सैनिक बघायला येतो. चीन अनेक राज्यांत वाटलेला होता तेव्हा त्यातल्या छिन राज्याच्या राजानं बाकीची जिंकली आणि तो पहिला सम्राट झाला; हे सैनिक त्याच्या थडग्याजवळ पुरलेले. मीही त्यासाठीच गेलो. मेट्रोनं हुआछिंगपर्यंत जायचं आणि पुढे बस पकडायची. हा लिनतोंगचा भाग डाळिंबांसाठी नावाजलेला आहे. हंगामात रस्त्याकडेला ढीग लागतात, समोरच रस काढून देतात. सांगोल्याच्या डाळिंबावर वाढलेल्या माझ्या जिभेलाही तो आवडला.

1974 साली इथल्या शेतकऱ्यांनी विहीर खणायला घेतली आणि खाली मातीची माणसं लागली. पहिला खड्डा सुमारे 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद आहे. कठड्याशी गर्दी असते ती चेहरे निरखायला, आणि ते आहेतच निरखण्यासारखे. मी मात्र रेंगाळलो शस्त्रांपाशी.

कोल्हापुरात आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. पुढे कुठे तुकडा तडकला, तर माल कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीत ओतला होता हे त्यावरून काढता येतं. इथे सापडलेल्या ‘गे’वर, म्हणजे लांब दांड्याला आडव्या बसवायच्या काशाच्या पात्यावर, ही सोय सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली आहे. एका पात्यावर याच राजाच्या, सम्राट होण्याआधीच्या, कारकिर्दीचं तिसरं वर्ष आहे, म्हणजे इ.स.पू. 244. मग महामंत्री ल्यू बुवेईचं नाव, त्याखाली कारखान्याचा प्रमुख, त्याचा दुय्यम आणि शेवटी पातं घडवणारा कारागीर. आपल्याकडे रिजेक्शन आलं की आधी ऑपरेटरला बोलावतात. स्वस्तातला धातू कुणी मंजूर केला, हे विचारायला कुणी जात नाही. इथे महामंत्र्याचं नाव सगळ्यात वर आहे. अर्थात या शिस्तीला शिक्षेचा धाक होता आणि पुढे तोच धाक राज्यावर उलटला. पावसात अडकल्यानं हजर व्हायला उशीर होणार आणि उशिराला देहदंड, म्हणून वेठीचे लोक इ.स.पू. 209 मध्ये बंड करून उठले, असं सिमा छ्येन हा इतिहासकार लिहितो.

ल्यू बुवेई मूळचा व्यापारी. झाओ राज्याच्या राजधानीत, हानदानमध्ये, छिनचा एक दुर्लक्षित राजपुत्र ओलीस राहत होता. हा माल दुर्मिळ आहे, धरून ठेवावा, असा हिशेब करून बुवेईनं त्याच्यावर पैसा लावला. तो राजपुत्र राजा झाला आणि इ.स.पू. 249 मध्ये व्यापारी महामंत्री झाला. त्या राजाच्या मागून गादीवर आलेला मुलगा म्हणजेच पुढचा पहिला सम्राट.

बाणांनी मला आणखी थांबवलं. इथे 40 हजारांच्या आसपास बाणांची काशाची टोकं मिळाली, बरीचशी शंभरेकांच्या जुड्यांत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे आणि या संग्रहालयाचे संशोधक धातू तपासायला बसले, तेव्हा एका जुडीतली टोकं आपसांत जुळली, दोन जुड्यांमध्ये मात्र फरक निघाला. म्हणजे छोटी पथकं अख्खा भाता स्वतः तयार करून देत असावीत. आज आम्ही याला सेल पद्धत म्हणतो.

चिनी युद्धनीतीतून धंद्याचे धडे सांगणारे बहुतेक जण डावपेच सांगतात. इ.स.पू. 260 ची छांगपिंगची लढाई त्यांची आवडती: छिनचा सेनापती बाय छी यानं खोटी माघार घेतली, झाओचा तरुण सेनापती मागे धावला आणि घेरला गेला. पण घेरल्यावर 46 दिवस काय झालं, ते पाहायला हवं. छिनचा राजा स्वतः सीमेकडच्या प्रांतात गेला आणि झाओची रसद तोडायला 15 वर्षांवरच्या लोकांना त्यानं धाडलं. झाओनं छी राज्याकडे धान्य मागितलं, ते मिळालं नाही. निकाल धान्यानं लावला. शरण आलेल्या जवळपास चार लाखांना मारल्याचं सिमा छ्येन लिहितो. 1995 मध्ये तिथल्या योंगलू गावी सांगाड्यांनी भरलेला खड्डा उत्खननात निघाला. ही लढाई केस स्टडी म्हणून टाळ्या घेत सांगणं मला योग्य वाटत नाही.

मग छिनकडे धान्य कुठून येत होतं, या प्रश्नापायी मी शिआनच्या उत्तरेला जिंगयांगला गेलो. झंग ग्वो हा छिनच्या शेजारच्या हान राज्याचा जलतज्ज्ञ. छिनला अवाढव्य कालव्याच्या कामात गुंतवून दमवायचं, म्हणजे चढाई लांबेल, या बेतानं हाननं त्याला इ.स.पू. 246 मध्ये पाठवलं. काम चालू असताना बिंग फुटलं. तो म्हणाला, हेर म्हणून आलो हे खरं, पण कालवा झाला तर लाभ छिनचाच आहे. राजानं काम पुरं करून घेतलं! जिंग नदीचं गाळाचं पाणी खारवट जमिनीवर फिरलं आणि ती पिकू लागली. शिरोळकडची क्षारपड शेतं पाहिलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. याच प्रकरणानंतर इ.स.पू. 237 मध्ये परराज्यातल्या सगळ्या अधिकाऱ्यांना हाकलायचा हुकूम निघाला. त्या यादीत छू राज्यातून आलेला ली सी होता. छिन मोठं झालं ते बाहेरून आलेल्या माणसांमुळे, असा अर्ज त्यानं केला आणि राजानं हुकूम मागे घेतला. प्रतिस्पर्ध्यानं अडचणीसाठी सुरू केलेलं कामही आपल्या फायद्याचं आहे का, हे रागाच्या भरात तपासणं फार अवघड. मला छिनच्या साऱ्या लढायांपेक्षा हा निर्णय मोठा वाटतो.

जिंगयांगला गर्दी नसते. गाडी ठरवून जाणं सोयीचं. पात्र खोल जात राहिलं तसं पुढच्या राजवटींनी कालव्याचं मुख नदीत वर वर सरकवलं, त्याच्या खुणा काठानं चालत पाहता येतात. 1932 मध्ये पाणी सोडलेला जिंगहुई कालवा याच नदीवर आजही चालू आहे. आधी लिनतोंग करा आणि मग इकडे या. शस्त्रांवरची नावं डोक्यात ताजी असली की कालवा जास्त कळतो.