घाटात रेंज नसते

सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडहून रोज मुंबईला जाणाऱ्या आम्हा पासवाल्यांना भांडायला विषय कमी पडत नाहीत. सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलेले रस्ते, द्राक्षांवरची भुरी, गंगापूर धरणात पाणी किती, कुणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, हे सगळं देवळाली मागे पडेपर्यंत उरकतं. मग लहवित जातं, अस्वली जातं, बाहेर भाताची खाचरं दिसायला लागतात आणि डब्यातून कुणीतरी हळूच काडी टाकतं, "काही म्हणा, पेलेसारखा फुटबॉलवाला पुन्हा झाला नाही."

संपलं. आता कल्याणपर्यंत कुणाला झोप नाही.

नाशिक हे फुटबॉलचं गाव नाही. आमच्या गोल्फ क्लब मैदानाचं नाव गोल्फचं, आणि खेळ चालतो क्रिकेटचा. फुटबॉल दिसतो तो शाळांच्या मैदानांवर, जुलैच्या चिखलात, नाहीतर देवळाली कॅम्पात जवान खेळतात तेव्हा. पेले किंवा मॅराडोनाला मैदानात खेळताना पाहिलेला एकही माणूस आमच्या डब्यात नाही. पण त्यामुळे कुणाचा आवाज एका पट्टीनेही खाली आलेला मला आठवत नाही.

पक्ष ठरलेले आहेत. पेलेकाका बँकेतून निवृत्त झाले, तरी घरी करमत नाही म्हणून फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब बघायला जातात. मॅराडोनाच्या बाजूने आमचे जावईबापू. माहेर कोल्हापूर (पुरुषालाही माहेर असतं, कोल्हापूरच्या पुरुषाला तर असतंच), सासुरवाडी जेलरोड. सिडकोचा एक पोरगा आहे, त्याच्या फोनच्या मागेही ७ नंबर आणि बनियनच्या मागेही. तो रोनाल्डोचा. उरलेला डबा मेस्सीचा. सत्ताधारी पक्षासारखे हे लोक फार बोलत नाहीत, नुसते हसतात. आणि खिडकीशी पेपर धरून बसणारे एक ओझरकर आहेत. त्यांच्याकडे नंतर येते.

इगतपुरीपर्यंत वाद आकड्यांचा असतो, कारण तिथपर्यंत फोन चालतात. काका म्हणतात, १२८१ गोल. पोरगा लगेच अंगठा फिरवून सांगतो, त्यात मैत्रीचे सामनेही धरलेत, सैन्याच्या संघाकडून खेळलेलेही धरलेत, ब्राझीलसाठी अधिकृत ७७ च. काका म्हणतात, बरं ७७ तर ७७, पण तीन विश्वचषक, १९५८, १९६२, १९७०, दुसऱ्या कुणाकडे आहेत का दाखव. पोरगा म्हणतो, ६२ साली दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन ते बसले होते, कप दुसऱ्यांनी जिंकून दिला. मग त्याचा हुकमाचा पत्ता: रोनाल्डोचे ९०० च्या वर गोल, सगळे अधिकृत. मेस्सीवाल्यांपैकी एक जण पेंगता पेंगता म्हणतो, "बॅलन डिओर आठ." (बॅलन डिओर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस.) आणि पुन्हा डोळे मिटतो.

हे ऐकून ऐकून माझ्या एक लक्षात आलंय. आपल्याकडे स्थळ बघताना मुलगी आधी मनात भरते आणि मग गुण जुळवून देणारे गुरुजी शोधले जातात. ३६ पैकी १८ हवे असले तर १८ निघतात, जरा ओढाताण केली तर २४ सुद्धा. आमच्या डब्यात अगदी हेच चालतं. आधी खेळाडू, मग त्याच्या मापाची कसोटी. पेलेवाल्याला विश्वचषक मोजायचे असतात. पण विश्वचषकच मोजायचे तर आल्फ्रेडो डी स्टेफानोचं काय करायचं? तो विश्वचषकात एकही सामना खेळला नाही, पण १९५६ ते १९६० असे सलग पाच युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचे कप, त्याच्या रेआल माद्रिदने जिंकले आणि पाचही अंतिम सामन्यांत त्याने गोल केला. मेस्सीवाल्याला बॅलन डिओर मोजायचे असतात. पेलेकडे खेळाडू म्हणून त्यातला एकही नाही, मॅराडोनाकडेही नाही, कारण १९९५ पर्यंत हे बक्षीस फक्त युरोपातल्या देशांच्या खेळाडूंना मिळायचं. रोनाल्डोवाल्याला गोल मोजायचे असतात, पण २०२२ पर्यंतच्या पाच विश्वचषकांत त्याने बाद फेरीत गोल केलेला नाही, हे कुणी काढलं की पोरगा पाणी प्यायला उठतो.

काळाचा मुद्दा काका फार चांगला मांडतात, हे मला मान्य करायलाच हवं. १९६६ च्या विश्वचषकात पिवळं कार्ड नव्हतं, लाल कार्ड नव्हतं, बदली खेळाडूही घेता येत नव्हता. हे सगळं विश्वचषकात आलं १९७० ला. बल्गेरियाने पेलेला तुडवला, पोर्तुगालने तुडवला, आणि बदली नाही म्हणून तो लंगडत लंगडत मैदानातच राहिला. "तुझ्या रोनाल्डोला असा एक सामना खेळू दे," काका म्हणतात, "मग आपण गोल मोजू." यावर पोराकडे उत्तर नसतं. मग तो काकांचं वय काढतो आणि तिथे वाद घरगुती होतो.

मग इगतपुरी येते. वडे चढतात, तेलकट कागद सीटांवरून फिरतात, गाडी थळ घाटाला लागते. ३७ ला १ चा उतार आणि बोगद्यामागून बोगदे. फोनवर गोल चकरी फिरत राहते. आणि माझ्या मते वादाचा सगळ्यात सुंदर भाग इथे सुरू होतो, कारण आता आकडे आणायला जागा नाही. जे डोक्यात आहे तेच बोलायचं.

जावईबापू याचीच वाट बघत असतात. वड्याचा शेवटचा घास गिळून, हात पुसून ते सुरुवात करतात. १९८६, २२ जून, मेक्सिकोचं अझ्टेका स्टेडियम. तिथे भर दुपार, आणि आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. गल्लीत एकाच घरी टीव्ही, आणि त्या घरातल्या आजीला बाहेर ओसरीवर झोपवून पोरं आत बसलेली. चारच वर्षांपूर्वी मॅराडोनाच्या अर्जेंटिनाचं ब्रिटनशी फॉकलंड बेटांवरून युद्ध झालेलं, आणि समोर इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला चेंडू वर उडाला, मॅराडोनापेक्षा वीतभर उंच इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टन हात वर करून उडाला, आणि चेंडू जाळ्यात. हाताने! सगळ्या जगाला दिसलं, फक्त पंचांना दिसलं नाही. "आणि मग चार मिनिटं," असं म्हणून जावईबापू थांबतात. बोगदा संपेपर्यंत थांबतात, कारण बोगद्यात ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट अर्धी ऐकू गेलेली त्यांना चालत नाही.

चार मिनिटांनी त्याने आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडू घेतला. गर्रकन फिरला, दोघं तिथेच मागे राहिले. उजव्या कडेने धावत सुटला, चेंडू मात्र डाव्या पायालाच. इंग्लंडचे बचावपटू, बुचर चुकला, फेनविक चुकला, शिल्टन आडवा झाला, बुचरने मागून येऊन पुन्हा पाय घातला, तोवर चेंडू आत. साठ मीटर, दहा-अकरा सेकंद. जावईबापू हे सांगताना दोन सीटांमधल्या वाटेत उभे असतात आणि गाडी वळणं घेत असते, त्यामुळे बुचर आणि फेनविक यांच्या भूमिका जवळपासच्या लोकांना आपोआप मिळतात. एकदा फेनविक मी होते. चहा सांडला, पण तक्रार नाही.

"बघितलंय की ओ आम्ही," ते शेवटी काकांना म्हणतात. "तुम्ही वाचलंय. वाचलेलं आणि बघितलेलं यात फरक असतोय."

मला ती चार मिनिटं जगातल्या कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त आवडतात. चोरी आणि चमत्कार एकाच माणसाने, एकाच दुपारी, इतक्या कमी अंतराने केला. पहिला गोल नसता तर दुसरा नुसता सुंदर झाला असता. पहिल्यामुळे त्या दुसऱ्या गोलात एक प्रकारचा उर्मटपणा आला: हे घ्या, आता पायाने. पेलेत हे नाही, मेस्सीत तर अजिबात नाही. मेस्सी हा कुठल्याही आईला आवडेल असा खेळाडू आहे, आणि हे मी पूर्ण कौतुकाने लिहिते आहे असं समजू नये.

पण काकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांनी पेले पाहिला नाही, हीच त्यांची ताकद. १९७७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क कॉसमॉसचा संघ घेऊन पेले कलकत्त्याला आला, ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी सामना २-२ असा सुटला. मैदान पावसाने भिजलेलं, पेले ३६ वर्षांचा. काका तेव्हा कॉलेजात. दुसऱ्या दिवशी वाचनालयात पेपरावर पाच जणांचा घोळका, त्यात मागून मान उंच करून त्यांनी बातमी वाचली. फोटो शाईने बरबटलेला. त्या काळ्या ठिपक्यांतून काकांनी जो पेले उभा केला, त्याला जगातला कुठला बचावपटू अडवणार? मेस्सीचा प्रत्येक चुकलेला पेनल्टी फोनवर आहे. काकांचा पेले चुकतच नाही.

ओझरकरांबद्दल सांगायचं राहिलं. त्यांचे वडील ओझरच्या एचएएलमध्ये, मिग विमानांच्या कामावर. त्या काळात रशियन इंजिनिअर तिथे असायचे. त्यातल्या एकाने लहानपणी यांना एक चित्र दिलं होतं, काळे कपडे, डोक्यावर टोपी, आडवा झेपावलेला गोलकीपर. लेव्ह याशिन. आजवर बॅलन डिओर मिळालेला एकमेव गोलकीपर, १९६३ साली. ओझरकर महिनोन्‌महिने गप्प बसतात आणि मग एखाद्या दिवशी पेपर खाली करून म्हणतात, "गोल वाचवणाऱ्याला तुम्ही फुटबॉलपटू धरता की नाही?" डबा एकदम अवघडतो. मग सगळे म्हणतात, हो हो, धरतो ना, याशिन म्हणजे काय प्रश्नच नाही. ओझरकर पेपर पुन्हा वर करतात आणि वाद जिथे होता तिथून सुरू होतो.

माझं मत कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी ते न विचारताच दिलं. काका सांगत होते, पेले इतका गरीब की मोज्यात कागद कोंबून चेंडू करायचा. परिस्थिती बघा, म्हणाले, परिस्थितीतून वर आला. मी म्हटलं, परिस्थितीच बघायची तर ब्राझीलचीच मार्ता. पाच विश्वचषकांत मिळून १७ गोल, सहा वेळा फिफाची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू. आणि पेलेच्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत मुलींना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती. म्हणजे १९७० ला काकांचा पेले कप उचलत होता तेव्हा त्याच देशात एखाद्या मुलीने मोज्यात कागद कोंबला असता तर तो गुन्हा ठरला असता. बंदी उठल्यावर सात वर्षांनी मार्ता जन्मली.

डबा शांत. मग सिडकोचा पोरगा म्हणाला, "ताई, ते वेगळं." कसं वेगळं, हे विचारायच्या आत बोगदा आला. बोगद्याबाहेर आलो तेव्हा जावईबापू मात्र विचारात पडले होते. त्यांना दोन मुली. "डाव्या पायाची हाय का ओ ती?" त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि तिला मॅराडोनाच्या पक्षात सामील करून टाकलं.

यात निकाल लावायचा प्रयत्न खुद्द फिफाने एकदा केला होता. २००० साली शतकाचा खेळाडू निवडायला इंटरनेटवर मतं मागवली, तर मॅराडोना मोठ्या फरकाने पहिला आला. अधिकाऱ्यांची पंचाईत. मग जाणकारांचं वेगळं मंडळ बसलं, त्यांनी पेलेचं नाव दिलं, आणि शेवटी दोघांनाही बक्षीस वाटलं. ग्रामपंचायतीत सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात ते आपल्याला नवीन नाही.

गेल्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, सचिनने त्याला आपली १० नंबरची जर्सी दिली, तेव्हा मला वाटलं होतं आता मेस्सीवाले तरी जागे होतील. एक जण तिकीट काढून गेलाही होता. सोमवारी आम्ही त्याला घेरलं. कसा होता? तो म्हणाला, "लांबून बारीक दिसला. पण सचिन काय दिसला!" त्यानंतर कसाऱ्यापर्यंत सचिन की विराट चाललं.

परवा आसनगाव गेल्यावर टीसी आला. नवीन होता, कोवळा, नाकावर चष्मा. काका नेमके ६२ च्या कपावर आलेले, पोरगा त्यांना अडवत होता, जावईबापू वाटेत उभे, म्हणजे टीसीला पुढे जायला जागाच नाही. तो तसाच ऐकत उभा राहिला. पोराने फोन पुढे केला, काकांनी तो बाजूला सारला, आवाज चढले. टीसीने चष्मा पुसला.

"६२ चा कप गारिंचाचा," तो म्हणाला. "पाय वाकडे होते त्याचे. पेले आणि गारिंचा एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरलं नाही, पण पेले नसताना जिंकून दाखवलं ते गारिंचानेच."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. सगळा डबा वळून बघत होता. ओझरकरांनी पेपर खाली केला.

"आता पास दाखवा," टीसी म्हणाला. "आधी पेलेवाल्यांचे."