एकच टेस्ट, वेगवेगळी प्रोफाइल्स

जर्मनीत टेस्ट ऑटोमेशनचं, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतं का हे प्रोग्राम लिहून तपासण्याचं काम करतो असं सोलापुरात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे डेव्हलपर नाही का?" इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या मामेबहिणीनंही फोनवर विचारलं, "दादा, टेस्टिंगमध्ये शिकण्यासारखं काय असतं?" आपल्याकडची हुशार मुलं या कामाला दुय्यम समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहितोय.

साधी किंमत घ्या. आपण १,२३४.५० लिहितो, जर्मन माणूस १.२३४,५० लिहितो. आपला १,००,००० इथे १००.००० होतो. सॉफ्टवेअरनं टिंब चुकीचं वाचलं तर हजाराची वस्तू सव्वा युरोला जाईल! वेळेचंही तसंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता इथलं घड्याळ थेट तीनवर जातं. २०२६ मध्ये ती तारीख २९ मार्च. त्या पहाटे अडीच वाजतच नाहीत. मग फॉर्ममध्ये कुणी अडीचची वेळ टाकली तर काय व्हायला हवं? सोलापुरात घड्याळ मागेपुढे करावं लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न सहसा सुचतच नाही.

यासाठी प्रत्येक देशाची वेगळी टेस्ट लिहीत बसायचं नसतं. भाषा, टाइमझोन, ब्राउझर, सर्व्हरचा पत्ता हे सगळं कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि टेस्ट चालवताना कमांडमध्ये फक्त हव्या त्या सेटिंग्जच्या संचाचं नाव द्यायचं. जावाच्या स्प्रिंग आणि मेव्हन या साधनांमध्ये अशा संचाला प्रोफाइल म्हणतात, ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या प्लेराइटमध्ये प्रोजेक्ट. सोलापूरच्या पूर्व भागात जकार्ड मागावर चादर विणताना भोकं पाडलेली कार्डं बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो, अगदी तसं. एक मात्र ध्यानात ठेवा, प्लेराइटमधला टाइमझोन फक्त ब्राउझरला लागू होतो. सर्व्हरचा वेगळा बघावा लागतो.

कोड बदलला की लगेच मोजक्या टेस्टचं छोटं प्रोफाइल चालवावं, आणि रात्री क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट या तिन्ही ब्राउझरवर सगळ्या टेस्ट. खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरसाठीचं प्रोफाइल फक्त वाचणारं असावं. त्यातून ऑर्डर टाकणं, काही पुसणं अजिबात नको. कमांडमध्ये प्रोफाइलचं नाव द्यायचं राहिलं तर आपल्याच मशीनवरचं प्रोफाइल चालू झालं पाहिजे. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

टेस्टच्या आत "जर्मन प्रोफाइल असेल तर" अशा अटी वाढू लागल्या की समजावं, प्रोफाइलमधली गोष्ट चुकीच्या जागी आली आहे.

बहिणीला म्हटलं, तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टला आजच दोन प्रोफाइल्स कर, एक भारताचं, एक जर्मनीचं. पासवर्ड त्या फाइलमध्ये लिहू नकोस, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे फाइलबाहेर मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमधून घे. आणि पहिली टेस्ट किमतीचीच लिही.