बातमीत न मावलेली तरुणाई

३ डिसेंबर २०२४च्या रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. भारतात तेव्हा संध्याकाळचे सात. आईचा लगेच मला सोलला फोन, "उत्तर कोरियाशी युद्ध सुरू झालं का गं?" तसं काही नव्हतं. रात्री एकच्या सुमारास संसदेत हजर असलेल्या सगळ्या १९० खासदारांनी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं, पहाटे तो मागेही घेतला गेला.

नंतर आमच्या लॅबमधल्या मुली यून यांना हटवा म्हणत कडाक्याच्या थंडीत येउइदोला, संसदेसमोर जाऊ लागल्या. हातात गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी घेतलेल्या लाइटस्टिक, म्हणजे रंगीत दिव्यांच्या छोट्या काठ्या. आसपासच्या कॅफेंमध्ये कुणी अनोळखी लोक आंदोलकांच्या कॉफीचे पैसे आधीच भरून ठेवत. १४ डिसेंबरला संसदेत २०४ मतांनी यून यांच्यावरचा महाभियोग मंजूर झाला.

जगभर फोटो गेले ते त्या रंगीत दिव्यांचे. माझी मैत्रीण ते पाहून आधी हरखली, मग चिडली. म्हणाली, "आम्ही काय गाणं म्हटलं ते सगळे लिहितात. रात्रभर का बसलो, ते कुणी विचारत नाही." तिचा राग मला पटला. तिच्या आईवडिलांनी १९८०चा लष्करी कायदा पाहिलाय. घरात तो विषय निघाला की आजही आवाज खाली येतो.

आणि मुलं? त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्यांची बाजू मी स्वतःही उशिरा ऐकली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सैन्यात दीड वर्षाची सक्तीची सेवा केलीय. संसदेत पाठवलेले जवान बघून तो हादरला होता, पण मोर्चाला गेला नाही. त्याला दोन्ही पक्ष आपले वाटत नाहीत. यून यांना पदावरून हटवल्यावर जून २०२५मध्ये झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदानोत्तर चाचणीनुसार विशीतल्या सुमारे ५८ टक्के मुलींनी यून यांच्या विरोधी पक्षाचे उमेदवार ली जे-म्युंग यांना मत दिलं, मुलांपैकी जेमतेम २४ टक्क्यांनी. परदेशी बातम्यांत अशा मुलांना सरसकट 'स्त्रीद्वेष्टे' म्हटलेलं वाचून तो दुखावला. काही जण तसे आहेतही, हे तो मान्य करतो. पण नोकरी, घर, वाया गेलेली दीड वर्षं, हे त्याचे प्रश्न खरे आहेत.

मतदानाच्या दिवशी माझी मैत्रीण आणि तो मुलगा, दोघांनीही हातावर उमटवलेल्या मतदानाच्या शिक्क्याचे फोटो ग्रुपवर टाकले. दुसऱ्या दिवशी जेवताना दोघं समोरासमोर बसले होते. मत कुणाला दिलं, हे एकानेही विचारलं नाही.