आमची वाटचाल : एनएस२ बसतोय कुठं?

२०११ ला कोल्हापूरच्या शाहूपुरीत एक गाळा घेतला आणि सुरू केलं, कामं म्हणजे हुपरीच्या चांदीवाल्यांच्या नाहीतर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांच्या वेबसाइट. पुढं क्लायंटच म्हणायला लागले की साइट तुम्ही केलीय तर डोमेन पण तुम्हीच बघा, आम्हाला त्यातलं काय कळतंय. असं डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून साइटचा आणि मेलचा सर्व्हर कुठं आहे ते सांगायचं काम, आमच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगू का, आज आमचं निम्मं नाव त्याच्यामुळंच आहे.

एका फाउंड्रीचं डोमेन आमच्याकडं आलं तेव्हा आधीच्या प्रोव्हायडरनं एनएस१, एनएस२ अशी दोन नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनबद्दल उत्तरं देणाऱ्या सर्व्हरची, नावं दिलेली. आयपी (त्यांचे नेटवरचे पत्ते) बघितले तर अगदी शेजारशेजारचे, सगळा खेळ एकाच नेटवर्कवर. एकाच डीपीवर दोन मोटारी बसवल्यासारखं, डीपी उडाली की दोन्ही गप. आणि हा नियम काय आजचा नाही, १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजातच सांगितलंय की सेकंडरी, म्हणजे मूळ सर्व्हरची कॉपी ठेवणारे नेमसर्व्हर, वेगळ्या नेटवर्कवर आणि लांब वेगळ्या जागी ठेवा. तरी जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कमागं होते, राउटरची एक सेटिंग चुकली आणि साइट्स गायब, आता बोला.

आमचं असं आहे की प्रायमरी, म्हणजे मूळ सर्व्हर, ऑफिसात, पण डोमेनच्या नेमसर्व्हरच्या यादीत त्याचं नावच नाही. झोन (डोमेनच्या नोंदींची फाइल) तिथं बदलायचा, सिरीयल (त्या फाइलचा आवृत्ती नंबर) वाढवायचा, मग एक मुंबईतला आणि एक परदेशातला असे वेगवेगळ्या कंपन्यांकडचे दोन सेकंडरी त्याची कॉपी उचलतात. एकानं उत्तर दिलं नाही की रिझॉल्व्हर (बघणाऱ्याच्या वतीनं पत्ता विचारणारा सर्व्हर) थोडं थांबून दुसऱ्याला विचारतो, साइट बघणाऱ्याला फार तर जरा उशीर झाल्यासारखं वाटतं.

२०१९ च्या महापुरात याची परीक्षा झाली. पंचगंगा पार गावात, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ऑफिसची लाइट गेली ती लवकर आलीच नाही, प्रायमरी बंद. इथं कामाला आला तो झोनच्या एसओए नावाच्या नोंदीमधला एक्सपायर, म्हणजे प्रायमरीशी काहीच संपर्क नसला तर सेकंडरीनं किती दिवस जुन्या कॉपीवर उत्तरं द्यायची तो आकडा. काहीजण तो एक-दोन दिवसांवर ठेवतात, मग तेवढ्यात प्रायमरी उठला नाही की सेकंडरी पण हात वर करतो. आम्ही चार आठवडे ठेवलाय. पूर ओसरेपर्यंत एकाही क्लायंटचं डोमेन पडलं नाही, कारखाने बंद होते पण पुण्याच्या पार्टीचे मेल येत होते.

पण सर्व्हर सरळसरळ मेलेला बरा, अर्धवट जिवंत असलेला लई त्रास देतो. एका सेकंडरीच्या होस्टिंगवाल्यानं न सांगता फायरवॉलमध्ये बाहेर जाणारं टीसीपी ५३ अडवलं. डीएनएसची देवाणघेवाण यूडीपी आणि टीसीपी अशा दोन वाटांनी होते. साधी उत्तरं यूडीपीवर जातात म्हणून सर्व्हर वरून एकदम ठणठणीत, झोनची कॉपी मात्र टीसीपीवर येते, ती थांबलेली. त्याच सुमारास एका क्लायंटनं मेल दुसरीकडं हलवला, आणि काही मेल नव्या सर्व्हरला, काही जुन्यालाच. दोन्ही सेकंडरींवर डिग (नेमसर्व्हरला थेट विचारायची कमांड) मारून सिरीयल बघितला तेव्हा कळलं, एक बराच मागं राहिलेला.

आता स्क्रिप्ट सारखी दोन्ही सेकंडरींचे सिरीयल प्रायमरीशी ताडून बघत असते, फरक राहिला की मोबाईलवर मेसेज. नवीन क्लायंट विचारतात दुसऱ्या नेमसर्व्हरचे वेगळे पैसे कशाला, म्हणून तो आम्ही बिलात वेगळा दाखवतच नाही, वर्षाच्या रकमेतच धरतो.