डँडेलियन कशावर चांगलं?

न्यू जर्सीत राहणारी मी दर वसंतात डँडेलियनची भाजी करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हे कशावर चांगलं असतं गं?’ कुणाच्या मनात साखर असते, कुणाच्या यकृत, कुणाच्या वजन. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. माझं उत्तर एकच आहे: भाकरीबरोबर चांगलं. ही आधी पालेभाजी आहे, मग औषध.

जमिनीलगत गोल पसरलेली कातरी पानं, पोकळ दांड्यावर एकच पिवळं फूल, आणि कुठेही तोडलं तरी पांढरा चीक. हे वर्णन ऐकून सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला पाथरी आठवेल, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही एकाच कुळातल्या. पाथरी आपण कच्ची भाकरीबरोबर खातो, तेव्हा ती कुठल्या रोगावर आहे हे कुणी विचारत नाही. काश्मिरात डँडेलियनला हंद म्हणतात. तिथे ती शिजवतात, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवतात आणि बाळंतिणीला आवर्जून देतात. इथे दक्षिण जर्सीतलं वाईनलँड गाव स्वतःला डँडेलियनची जागतिक राजधानी म्हणवतं. इटालियन कुटुंबांनी ज्याची शेती केली, तेच रोप उपटायला शेजारचे लोक माणसं लावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पानं फुलं येण्याआधीची, कोवळी घ्यायची. नंतर कडवटपणा फार वाढतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं टाकून घट्ट पिळायची, चिरायची. तेल जरा सढळ, त्यात भरपूर ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची, मग पानं आणि वरून बेसन पेरून झाकण. कडू चव बेसन आणि तेल सांभाळून घेतात. काहीजण गूळ घालतात. मला ते पटत नाही, कारण थोडा कडवटपणा हीच या भाजीची गोडी आहे. अगदी कोवळी पानं कच्ची, लिंबू आणि दाण्याचं कूट लावूनही छान लागतात. फुलांची भजी होतात, फक्त खालचा हिरवा भाग काढायचा, तो कडू असतो.

मुळं शरदात खणावीत. तेव्हा त्यांत इन्युलिन, म्हणजे एक प्रकारचा तंतुमय पदार्थ, साठलेलं असतं. धुऊन, वाळवून, खमंग भाजून दळली, की कॉफीसारखं पेय होतं, त्यात कॅफिन नसतं. दक्षिणी फिल्टर कॉफीत मिसळतात ती चिकोरीही याच कुळातल्या एका झाडाचं भाजलेलं मूळ.

आता औषधाचं. लघवी जास्त व्हावी म्हणून युरोपात डँडेलियन पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. 2009 साली पानांच्या अर्कावर 17 जणांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दिवशी लघवीच्या फेऱ्या वाढलेल्या दिसल्या. एवढ्यावरून फार मोठं काही म्हणता येत नाही. साखर, यकृत किंवा कर्करोग यांवरचा उपाय म्हणून ती माणसांत सिद्ध झालेली नाही, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून चालू गोळ्या बंद करू नका, ही कळकळीची विनंती. अन्न म्हणून मात्र ती श्रीमंत आहे: 100 ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे 187 मिलिग्रॅम कॅल्शियम, पालकात साधारण 99. रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के तर भरमसाट. म्हणूनच रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती अचानक सुरू करू नये. पित्तनलिकेत अडथळा असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर काढे आणि कॅप्सूल टाळा. रॅगवीड या इथल्या तणाची ॲलर्जी असणाऱ्यांनाही हिचा त्रास होऊ शकतो.

आणि कुठलंही लॉन दिसलं म्हणून खुडू नका. टू-फोर-डी हे तणनाशक गवत राखून नेमकी अशीच रुंद पानांची रोपं मारतं. फवारणी झालेली जागा, रस्त्याची कड, कुत्री फिरवतात तो पट्टा, सगळं सोडा. पानं केसाळ आणि फुलाच्या दांड्याला फांद्या असतील, तर ते दुसरंच रोप.

अंगण नसेल तर दुकानात जुड्या मिळतात. त्यांतल्या लांब, सरळ पानांच्या बऱ्याचशा जुड्या प्रत्यक्षात इटालियन चिकोरीच्या असतात, पाटीवर डँडेलियन लिहिलेलं असलं तरी. खुशाल घ्या. तीही कडू, तीही अशीच बेसन पेरून करायची.