डोळाले एक, आगले दोन

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. कोणाला मोठं काही लागलं नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

मी जळगाव एमआयडीसीत एका छोट्या केमिकल युनिटला आहे. आम्ही बनवत काही नाही. हजार लिटरच्या टाक्यांनी माल येतो, तो पन्नास किलोच्या कॅनमध्ये भरायचा, लेबल चिकटवायचं, गाडी रवाना. कागदावर मी सेफ्टी आणि डॉक्युमेंटेशन, प्रत्यक्षात लेबल, बिल्टी, एसडीएस (मालाच्या धोक्याचं माहितीपत्रक) आणि कुलरची मोटर जळाली तर तेही मीच.

दोनेक वर्षांपासून एक्स्पोर्टवाले गिऱ्हाईक जीएचएसचं लेबल मागायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केमिकलचा धोका सगळ्या जगात एकाच पद्धतीने लिहायचा म्हणून युनोने काढलेली ही पद्धत, 1992 च्या रिओ परिषदेत बीज पडलं आणि पुस्तक आलं 2003 ला, जांभळ्या कव्हरचं. लाल चौकटीत काळं चित्र, अशी नऊ चित्रं, 'डेंजर' किंवा 'वॉर्निंग' यातला एक शब्द, आणि सोबत सोळा सेक्शनचं एसडीएस. आपल्याकडे जुना नियम 1989 चा, त्यात लेबल लावा असं आहे पण ही चित्रं नाहीत. 2020 ला जीएचएस धरून नवीन नियमांचा मसुदा आला तेव्हा मी तो मार्करने रंगवून रंगवून वाचला होता, शेठने विचारलं "लागू झाला का?", नाही म्हटलं, तर म्हणे "मग ठेव कपाटात". म्हणून ज्याला जसं सुचतं तसं लेबल, एका सप्लायरचं अमेरिकन फायरवाल्यांच्या चौकोनाचं, दुसऱ्याचं नुसतं कवटीचं, तिसऱ्याचं काहीच नाही.

आमचं लेबल मात्र मी स्वतः बसून केलं. हायड्रोजन पेरॉक्साइड 50 टक्के. युएन नंबर 2014 (मालाचा जगभरचा ओळख नंबर, साल नाही). चित्रं तीन, गोलावर ज्वाला (ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारा), हातावर सांडणारं ॲसिड, आणि उद्गारचिन्ह, जे मी आधी काढलं होतं ते परत घेतलं, कारण कुठलं चित्र असलं की कुठलं गाळायचं याचेही नियम आहेत, ते वाचण्यात दोन दिवस गेले. प्रिंटरशी तीन वेळा भांडलो, कारण त्याची लाल शाई आपल्या उन्हात महिन्याभरात गुलाबी आणि मग गायब, काळं चित्र तेवढं राहायचं. चौथ्या वेळी उन्हात टिकणारी शाई मिळवली. खाली मराठीही टाकलं, कारण भरणारी माणसं मराठी वाचतात, ऑडिटर नाही. आणि माझी हुशारी म्हणून प्रत्येक धोक्यापुढे कॅटेगरी लिहिली. आग भडकवणारा, कॅटेगरी 2. त्वचा जाळणारा, कॅटेगरी 1. डोळे, कॅटेगरी 1. तो कॅटेगरीचा आकडा लेबलवर टाका असं पुस्तकात कुठेच नाही बरं का, तो एसडीएसच्या सेक्शन 2 मध्ये असतो. मला वाटलं माहिती जास्त तेवढी बरी.

त्या दिवशी पारा 44 च्या वर असेल. पेरॉक्साइडच्या कॅनचं झाकण साधं चालत नाही, वेंट कॅप लागते, बारीक भोकाची, कारण माल हळूहळू ऑक्सिजन सोडत असतो आणि उन्हात जास्तच. परचेसवाल्याने मागच्या ऑर्डरला साधी झाकणं आणली, काय तर दोन पैसे वाचले. एक कॅन फुगून भोपळ्यासारखा झाला आणि तळाच्या शिवणीतून ठिबकायला लागला. मी तेव्हा ऑफिसात एका बिल्टीवरून ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलत होतो, मला कोणी सांगितलंच नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे? गळती झाली की लाकडाचा भुसा टाकायचा, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची रीत. ऑइलला तेच, कॉस्टिकलाही तेच. आमचे नाना, पंचवीस वर्षं याच गल्लीत वेगवेगळ्या गोडाऊनला काम केलेले, त्यांनी भुशाचं अर्धं पोतं ओतलं, गंजक्या फावड्याने सगळं गोळा करून गोणीत भरलं आणि गोणी मागच्या पत्र्याला टेकवून ठेवली, भर उन्हात.

तीनच्या सुमाराला मी पाणी प्यायला मागे गेलो तर पत्र्याजवळ पांढरं काहीतरी. आधी वाटलं वाफ. वाफच होती, पण मग गोणीच्या कोपऱ्याला रुपयाएवढा काळा डाग दिसला आणि बघता बघता तो डाग ताटाएवढा झाला आणि त्यातून ज्वाळ निघाली, आवाज नाही, काही नाही. भुसा, त्यात पेरॉक्साइड, त्यात गंज, वर ऊन. लोखंडाचा गंज लागला की पेरॉक्साइड झपाट्याने फुटतं आणि तापतं, हे मी ट्रेनिंगमध्ये दर वर्षी सांगतो. एक पोरगा पावडरचा सिलेंडर घेऊन पळत आला, त्याला ओरडून थांबवलं, कारण हवा तोडून ही आग मरत नाही, ऑक्सिजन तिच्या पोटातच आहे. कुलर भरायचा पाइप होता, तोच ओढला. दहा मिनिटं नुसतं पाणी.

मग बघतो तर नानांची बोटं पांढरीफट, चुन्याच्या डबीत बुडवल्यासारखी. "मुंग्या येताहेत" म्हणाले. नळाखाली पंधरा मिनिटं धरायला लावली. संध्याकाळपर्यंत रंग परत आला.

मी चिडलोच होतो. म्हटलं नाना, लेबल वाचलं नाही का, एवढं मराठीत छापलंय. नाना म्हणाले, वाचं ना साहेब. आणि कॅन फिरवून बोट ठेवून दाखवायला लागले. "डोळाले एक, आगले दोन. तुम्हीच सांगेल ना, चार म्हणजे सर्वात वाईट. एकच नंबर शे, मंग कितलं भारी व्हई?"

गोडाऊनच्या दारावर अमेरिकन पद्धतीचा चौकोन मीच लावलेला आहे. त्यात 0 ते 4, चार सगळ्यात घातक. माझ्या ट्रेनिंगमध्ये नानांनी ते पाठ केलं होतं, पेपरात बरोबर लिहिलं होतं, त्यांचा पेपर माझ्या फाइलला आहे. आणि जीएचएसमध्ये कॅटेगरी 1 म्हणजे सगळ्यात घातक. दोन्ही बरोबर, एकाची शिडी खालून वर आणि दुसऱ्याची वरून खाली.

मग मी चित्रावर बोट ठेवलं. गोलावर ज्वाला. "हाऊ दिवा शे ना?" नाना म्हणाले, म्हणजे जवळ दिवा, काडी, बिडी आणू नका. आणली नव्हती त्यांनी. दुरून बघा, ज्वालेचं चित्र आणि गोलावर ज्वालेचं चित्र, खरंच दिव्यासारखंच दिसतं. खाली मी लिहिलं होतं 'ज्वलनशील पदार्थांपासून दूर ठेवा'. "भुसा काय ज्वलनशील पदार्थ शे? ज्वलनशील म्हणजे पेट्रोल, डिझेल, थिनर." आणि टँकरच्या मागे तेच लिहिलेलं असतं हेही खरं.

आणखी एक, जे मला घरी जाताना सुचलं. नानांची कपाशी आहे चार एकर. फवारणीच्या डब्यांवरचे त्रिकोण त्यांना तोंडपाठ, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. 1971 च्या नियमांतले ते त्रिकोण, आणि त्यात 'डेंजर' हा शब्द येतो निळ्यावर, म्हणजे तिसऱ्या पायरीला. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन'. आता माझ्या लेबलवर चौकट लाल (सगळीच लाल, फरक काय कळणार) आणि शब्द 'डेंजर', म्हणजे त्यांच्या हिशोबाने मध्यम. एका माणसाच्या डोक्यात तीन पद्धती आणि तिन्ही त्याने नीट लक्षात ठेवलेल्या. आमच्याकडे ट्रेनिंग म्हणजे पीपीटी, समोसा आणि सह्या, त्यात हे कुठे सापडणार.

रिपोर्टमध्ये मी 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं नाही, 'लेबल संदिग्ध' लिहिलं. शेठने ते वाक्य खोडून 'अनुचित झाकण' करायला सांगितलं. तेही खोटं नाही म्हणून मी केलं, आणि त्याचा मला अजून राग येतो, शेठचा कमी, माझा जास्त.

नवीन लेबलवरून कॅटेगरी काढली. 'ज्वलनशील पदार्थ' काढून 'भुसा, चिंध्या, कागद, गोणी लावू नका, भरपूर पाणी ओता' असं नानांना विचारून लिहिलं. त्यांनी 'लाकूड' घालायला लावलं, कारण कॅन आपण लाकडी पॅलेटवर ठेवतो. मला ते सुचलं नव्हतं. प्लॅस्टिक पॅलेटची मागणी दिली आहे, परचेसकडे आहे.

परवा एक्स्पोर्टवाल्या गिऱ्हाईकाचा मेल आला. नवीन लेबलवर कॅटेगरी दिसत नाही, जुन्यावर होती, कृपया परत घालावी. मेल वाचून बंद केला, उत्तर अजून दिलेलं नाही.